हॅड डॉक्टर

मार्गशीर्ष शुद्ध २, शुक्रवार, शके १८६६

ही वही चंद्रीची. गफूर मास्तरनं शिकवणीच्या पोरांना सांगितलं, दिवसभरात जे घडलं ते रोज वहीत लिहा, म्हणजे इंग्रजीतला गुजरलेला जमाना, झाल्या-गेल्याचं बोलणं, डोक्यात बसतो. चंद्रीनं दोन दिवस लिहिलं. 'आज मी उठले. आज मी जेवले.' तिसऱ्या दिवशी कंटाळली. लढाईपायी कागद मिळत नाही आणि ही कोरी वही चुलीपाशी पडून होती, म्हणून मी घेतली. मला वडिलांनी पोथी वाचण्यापुरतं शिकवलंय. जोडाक्षर आलं की हात अडखळतो. पण ही वही कुणाला दाखवायची नाही, तर चुकलं म्हणून हसायला कोण येणार?

लिहायला कारण आहे. अनंतराव डॉक्टरचं बिऱ्हाड आज आमच्या गल्लीत आलं. इतकी वर्षं स्टेशनाकडं होता. आता गल्लीच्या टोकाला, लिंबाच्या पारासमोरच्या माडीत दवाखाना मांडणार. दोन बैलगाड्या भरून बाटल्या आणि कपाटं. मला दारात बघून त्यानं हात जोडले. मी भांड्याचं पाणी रस्त्यावर फेकलं आणि आत आले.

बारा वर्षं झाली. माझी प्रेमला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. येळवशीचा दिवस. मार्गशीर्षातल्या ह्या अवसेला लातुरात कुत्रं राहत नाही, सगळे शेतात भज्जी-आंबील खायला. माझा दीर हणमंत सकाळीच त्याला बोलवायला गेला. आणि हा बाबा कधी आला? माझी पोर गार पडल्यावर. तोंडात विडा, ओठ लाल. कुणाच्या शेतात पोटभर जेवून आला होता. पोटातली तेवढी वाचली, ती ही चंद्री. नांदेडच्या जावयानं, अवधूतरावांनी, वर्षाच्या आत दुसरी केली. पोरीचं तोंड बघायला दोनदा आले.

तो विडा मी विसरले नाही. विसरणारही नाही.

शुद्ध ४, रविवार

गफूर मास्तरची शिकवणी माझ्या ओट्यावर भरते. त्याच्या घरात एकच खोली, त्यात त्याची आई जाहिदाबी आणि पोटुशी बायको वहिदा, पडद्यातली. पोरं बसवणार कुठं? मी ओटा दिला, तो चंद्रीला शिकवतो. सूर्य उगवायच्या आत आठ पोरं गोधड्या पांघरून बसतात आणि डुलत-डुलत ओरडतात. मास्तरची रीतच ती. एक वाक्य द्यायचं, पन्नासदा म्हणवून घ्यायचं. कळलं नाही तरी चालेल, तोंडात बसलं पाहिजे.

आज मी दूध तापवून राहिले होते. पोरं ओरडत होती, 'द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.' डॉक्टर हा शब्द मला कळला. कान टवकारले. चंद्रीला आत बोलावून विचारलं, हे काय म्हणून राहिल्या तुम्ही?

ती म्हणाली, "डॉक्टर यायच्या आधी रोगी मेला होता."

माझ्या हातून दूध उतू गेलं. म्हटलं, हे कुणी सांगितलं तुम्हाला?

"पुस्तकात हाय की आज्जे. छापलेलं."

छापलेलं! म्हणजे इंग्रजांपर्यंत बातमी गेली.

शुद्ध ५, सोमवार

मास्तरला थांबवून विचारलं, हे आमच्या अनंतराव डॉक्टरचं पुस्तकात कुणी घातलं?

तो हसला. भला माणूस आहे, पण हसताना दाढी हलते त्याचा मला राग येतो. म्हणाला, "दादीमाँ, ये जुमला पूरे हिंदुस्तान की किताबों में है. कोई एक डॉक्टर नहीं. मद्रास में भी बच्चे यहीच बोलते."

म्हटलं, मग पूर्ण हिंदुस्तानाला ठाऊक हाय म्हणा की डॉक्टर कसे असतात.

मग त्यानं समजावलं. पाटीवर दोन रेघा मारल्या. ह्याला 'माज़ी बईद' म्हणतात, म्हणाला. माज़ी म्हणजे गेलेला काळ. बईद म्हणजे लांबचा. गेलेल्या दिवसाच्याही मागं गेलेला. "दो बातां हैं. दोनों हो चुकी. डॉक्टर आया, ये एक बात. मरीज मरा, ये दूसरी. जो पहले हुई उसकू हॅड लगाना. बाद वाली सादी छोड़ देना."

मी म्हटलं, म्हणजे मी भाकरी थापली, पण त्याच्या आधी तवा तापला होता. हॅड तव्याला, भाकरीला न्हाई.

"वाह!" म्हणाला. "आठ बच्चों में किसी को नहीं आया."

मी विचारलं, एकच गोष्ट सांगायची असली तर?

"तो हॅड की जरूरत नहीं. मरीज मरा, बस. दो बातां हों, और पहले कौन, बाद में कौन ये बताना हो, तभी हॅड."

चांगली भाषा आहे. नुसतं मेली म्हणून सोडून देत नाही. आधी काय झालं आणि नंतर कोण आलं, हे विचारते.

शुद्ध ८, गुरुवार

दोन दिवस डोक्यात घोळवलं. आज सकाळी मास्तर यायच्या आत सगळा ओटा शेणानं सारवून काढला. चांगला ओला ठेवला, पाय ठेवला तर रुतेल असा.

मास्तर आला, बघत राहिला. मी म्हटलं, ओटा उखणला होता, सारवला. वाळायला वेळ लागंल. तवर पोरांना त्या लिंबाच्या पारावर न्या. तिथं उजेडबी लवकर येतो.

"वो तो डॉक्टर साब के सामने है," म्हणाला. "उनकी नींद..."

"डॉक्टर लोक पहाटे उठतात," मी म्हटलं.

तो पोरांना घेऊन गेला. मी मागून आवाज दिला, ते हॅडचं वाक्य पक्कं करून घ्या हो, चंद्रीचं कच्चं हाय.

दारात उभी राहून ऐकलं. आठ गळे, बरोबर त्याच्या माडीच्या खिडकीखाली. 'द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.' चाळीसाव्यांदा खिडकी उघडली. अंगात बंडी, डोक्याला रुमाल. खाली बघितलं. मग गल्लीत बघितलं. मी दारातच होते. खिडकी लागली.

आज बारा वर्षांनी अन्न गोड लागलं.

शुद्ध १०, शनिवार

ओटा रोज सारवते. चंद्री म्हणाली, आज्जे, आपला ओटा वाळत कसा न्हाई? म्हटलं, थंडी हाय.

दुपारी डॉक्टरचा कंपाउंडर आला. पायरीवरच उभा. म्हणाला, "गोदाक्का, पोरांना दुसरं काही वाक्य सांगा न्हवं. साहेबांना तरास होतो."

"साहेबांनी सांगितलंय का?"

"न्हाई. साहेब काही बोलत न्हाईत. मीच आलो."

"मग तूच जा," मी म्हटलं. "पोरं अभ्यास करून राहिली. अभ्यासाला सरकारनं बंदी घातली का? असंल तर कागद दाखव, मोहर बघू."

गेला. बिचाऱ्याची मान खाली होती. चांगलं झालं. दुसरं वाक्य देतात! मी पोरांना भुईमुगाच्या शेंगा देते, जो मोठ्यानं म्हणेल त्याला मूठभर जास्त. मास्तरला वाटतं दादीमाँला इल्माची कदर आहे.

शुद्ध १३, मंगळवार

पोरांनी आपणहून नाव ठेवलं. हॅड डॉक्टर. मी शिकवलं नाही. शिकवलं असतं तर इतकं बरं जमलं नसतं.

नळावर बायका विचारतात, हॅड म्हणजे काय गं गोदाक्का? मी सांगते, मेल्यावर येणारा. तोंडावर हात मारतात. मग मी प्रेमलाचं सांगते, विड्यासकट. कालपासून चार घरांनी औषधाला हकिमाकडं जायला सुरुवात केली. दवाखान्याच्या बाकावर आज एकच माणूस होता, तोही परगावचा दिसत होता.

कुणी म्हणालं, डॉक्टर आता विडा खात नाही, पानाचा डबासुद्धा घरात नाही. दात किडले असतील.

वद्य ४, सोमवार

हणमंत भावजी मुरुडहून आले. येळवशीची विचारपूस. शेताचं तेच बघतात. ज्वारी गुडघ्याच्या वर आलीय, हरभऱ्याला घाटे धरलेत म्हणाले. दर सालासारखं विचारलं, "वैनी, औंदा तरी येता का शेतात?" दर सालासारखं मी म्हटलं, पाय दुखतात.

जेवताना त्यांना डॉक्टरचं सांगितलं. पारावरची गंमत सांगितली. ते हसतील वाटलं. त्यांनी घास ताटात परत ठेवला.

म्हणाले, "वैनी, पर मी त्याच्याकडं गेलो तवा दिवे लागले होते."

"सकाळी गेलता तुम्ही."

"सकाळी? सकाळी कसा जाईन? सकाळी तर आपण..."

मी त्यांच्या ताटात भाकरी टाकली आणि म्हटलं, चिलीम ओढून-ओढून तुमच्या डोक्यात धूर झालाय. जेवा गुमान.

जेवले. जाताना चंद्रीच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. माणूस म्हातारा झाला की असं होतं. काल काय झालं आठवत नाही आणि बारा वर्षांमागचं सांगायला निघतात.

वद्य ७, गुरुवार

आज मास्तरनं हॅडचे सवाल शिकवले. सवाल करायचा असला की हॅड उचलून पुढं ठेवायचा. नाही म्हणायचं असलं की हॅडच्या पाठीला नॉट लावायचा. मास्तरनं सांगितलं, घरी जाऊन पाच सवाल बनवा.

चंद्री संध्याकाळी माझ्यासमोर पाटी घेऊन बसली. एक सवाल म्हणून दाखवला. मी विचारलं, ह्याचा अर्थ? म्हणाली, "डॉक्टर आला त्याच्या आधी आजीनं त्याला कधी बोलावलं होतं?"

मी म्हटलं, हा कुणी सांगितला?

"कुणी न्हाई. मीच बनवला. बरोबर हाय का?"

पाटी घेऊन पुसली. म्हटलं, चूक हाय. दुसरा बनव, तव्याचा बनव.

रडली. रडू दे. जास्त शिकवलं की पोरी तोंडाला लागतात.

वद्य १०, रविवार

आज डॉक्टर खाली आला. पोरं म्हणून राहिली होती, आणि हा लाकडी खडावा घालून पारापाशी उभा. मी दारातून बघतेय, आता चिडेल, आता एखाद्याला चापट देईल. मग मी बघते काय करायचं.

त्यानं एका पोराला जवळ घेतलं. म्हणाला, "डायड नाही बाळ, डाइड. पुन्हा म्हण." पोरानं म्हटलं. "शाब्बास." आणि वर गेला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लाज म्हणून काही असते की नाही? त्याच्या पापाचे उच्चार तो स्वतः सुधारून देतो!

दुपारी जाहिदाबी आली. आमचं जुनं आहे, ती शेवया देते, मी लोणचं देते. वहिदाला दिवस भरत आलेत. पोर अंगानं बारीक, एकोणीस-वीसची, पहिलीच खेप. मी विचारलं, कुणाला सांगितलंय? ती म्हणाली, "दाई है ना. और मक्के का मरियम का फूल है मेरे पास. पानी में डालो, खुला की बच्चा हुआ. मेरे तीनों वैसेच हुए."

"आणि काही अडलं तर?"

"अडा तो अल्लाह मालिक. उस हॅड डॉक्टर कू तो मैं चौखट पे नहीं आने देती. तुम्हीच बोले ना, मरने के बाद आता."

मी म्हटलं, हो, मीच बोलले.

ती गेल्यावर लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडंच राहिलं होतं. बराच वेळ माझ्या लक्षात आलं नाही.

वद्य १४, गुरुवार

उद्या येळवस. सकाळपासून भज्जीची निवडाई. तुरीचे दाणे, हरभरा, वाल, गाजर, मेथी. आंबिलीचं ताक मडक्यात घातलं. बाजरीचे उंडे चंद्रीनं वळले, वेडेवाकडे. हणमंत भावजी गाडी घेऊन येतील, तिला आणि शिकवणीच्या पोरांना शेतात नेतील. मास्तरलाही पोरांनी आग्रह केलाय. शुक्रवार, मदरशाला सुट्टी. नमाज मुरुडच्या मशिदीत पढेन म्हणाला. वहिदाला अजून आठ दिवस आहेत असं दाई सांगते.

चंद्री म्हणाली, "आज्जे, तू केलेली भज्जी समदे खातात. तू कधीच येत न्हाईस."

पाय दुखतात, म्हटलं.

पौष शुद्ध १, शनिवार

काल लिहिलं नाही. आज सगळं लिहिते, क्रमानं. मास्तरनं शिकवलंय, आधी काय आणि नंतर काय.

सकाळी गाडी गेली. आठ वाजेपर्यंत गल्ली रिकामी. गल्लीत मी, जाहिदाबी, वहिदा आणि वरच्या टोकाला कोण आहे कोण नाही ते मी बघितलं नाही.

नऊच्या सुमाराला जाहिदाबी धावत आली. वहिदाला कळा लागल्या होत्या. दाई कोष्ट्याच्या गाडीतून शेतात गेलेली. मी गेले. पाणी तापवलं, पोरीची वेणी सोडली, पेट्यांची कुलपं काढली, बाळंतपण अडू नये म्हणून आमच्यात करतात तसं. जाहिदाबीनं वाडग्यात पाणी घेऊन ते मरियमचं फूल टाकलं. वाळकी मूठ मिटल्यासारखं दिसतं ते. त्या फुलाकडं बघत आम्ही दोघी बसलो.

दहा वाजले. अकरा वाजले. फूल बोटभर उघडलं आणि थांबलं. वहिदाचे ओठ पांढरे पडायला लागले. कळा येत होत्या, पण पोर खाली सरकत नव्हतं. मी म्हटलं, जाहिदाबी, हे बरं दिसत न्हाई.

ती म्हणाली, "पहली बार है. वक्त लगताच."

लिहून टाकते. हे वाक्य माझं आहे.

बारा वर्षांमागं, येळवशीच्या सकाळी, प्रेमलाच्या पोटात दुखायला लागलं. लक्ष्मम्मा सुईण बसली होती उशाशी. तीच म्हणाली, गोदाक्का, मूल आडवं वाटतंय, डॉक्टरला सांगून ठेवा. मी म्हटलं, पहिली खेप हाय, वेळ लागतोच. संध्याकाळपर्यंत काही होत न्हाई. आणि मी टोपली डोक्यावर घेतली. त्या साली शेतातली पूजा माझ्या हातची होती, सासूनं माझ्याकडं दिल्याला तेव्हा पहिलंच वर्ष. जावा बघायला येणार होत्या. मी नाही गेले तर मोठी जाऊ पूजेला बसली असती. ते मला सोसवलं नसतं. एवढंच कारण. दुसरं नाही.

मी पूजा केली. पंगत वाढली. जेवले. प्रेमला हाक मारून राहिली असेल तेव्हा मी पदराला हात पुसून आंबील पिऊन राहिले होते. परत आले तेव्हा दिवे लागले होते. लक्ष्मम्मा कशीबशी बाहेर काढलेली पोर घेऊन दारात उभी होती, आणि तिच्या तोंडावरून मला कळलं. तरी मी हणमंताला पळवलं. हणमंत खरं बोलतात. त्यांनी कधी चिलीम जास्त ओढली नाही.

हे सगळं वहिदाच्या उशाशी बसून डोक्यात आलं असं नाही. ते तिथंच होतं. मी त्यावर रोज सारवत होते.

मी उठले. जाहिदाबीनं विचारलं, कुठं? म्हटलं, डॉक्टरकडं.

"वो हॅड डॉक्टर? हर्गिज नहीं!"

"ते नाव मी पसरवलं," मी म्हटलं. "तुझी सून मेली तर तुला म्हणायला वाक्य बी मीच दिलेलं असंल. सरक."

गल्ली मला कधी इतकी लांब वाटली नाही. वाटेत मनात एकच, येळवशीचा दिवस, हा बाबा कुणाच्या तरी शेतात कडब्याच्या कोपीत बसून जेवत असणार. कुठं शोधू? कोण जाईल? गाड्या नाहीत, माणसं नाहीत.

दार नुसतं लोटलेलं होतं. अनंतराव पुढच्या खोलीत खुर्चीवर बसला होता. पायात बूट. मांडीवर ती चामड्याची पिशवी. मला बघितलं आणि उभाच राहिला. कोण, कुठं, काय, एवढंच विचारलं. मी सांगितलं. तो माझ्या पुढं निघाला.

मी मागून पळत, धापा टाकत विचारलं, तुम्ही शेतात गेला न्हाईत?

मागं न बघता म्हणाला, "येळवशीला मी कुठं जात नाही, गोदाक्का. बारा वर्षं. गावात सुईण नसते, गाडी नसते. कुणीतरी घरी पाहिजे."

जाहिदाबी उंबऱ्यात हात आडवे लावून उभी. त्यानं बूट काढले आणि थांबला. म्हणाला, "आपा, तुम्ही सांगितल्याशिवाय आत येणार नाही." असाच उभा राहिला असता तर मी दोघांनाही बडवलं असतं. आतून वहिदा ओरडली. जाहिदाबीनं हात खाली घेतले.

पडदा मी धरून होते. तो सांगेल ते देत होते. किती वेळ गेला माहीत नाही. पोर आडवं होतं. त्यानं फिरवलं. मुलगी झाली. निळी होती, उलटी धरून थापटल्यावर रडली. आवाज कंपाउंडरासारखा, चिरका. वहिदा जिवंत आहे. पाणी मागून प्याली. वाडग्यातलं फूल अर्धंच उघडलेलं होतं. जाहिदाबीनं ते उचलून ओढणीत बांधलं आणि भिंतीकडं तोंड करून रडली.

डॉक्टर हात धुवायला माझ्याकडं आला, त्यांच्या घरातलं पाणी संपलं होतं. मी तांब्यानं त्याच्या हातावर पाणी घातलं. लाल पाणी सारवलेल्या ओट्यावरून ओघळलं.

मी म्हटलं, त्या दिवशी तुमच्या तोंडात विडा होता.

"होता. पळत येत होतो, थुंकायचं सुचलं नाही."

मला अजून बोलायचं होतं. हे कबूल करायला नको, माझा राग मोडायला नको, असं वाटत होतं. म्हटलं, लोकांना मी सांगितलं सकाळी बोलावलं होतं. तुम्ही बोलला का न्हाईत? हणमंत दिवे लागल्यावर आला, असं?

तो हात झटकत म्हणाला, "काय बोलायचं? तुमच्या पदरावर आंबील सांडलेली होती."

तांब्यातलं उरलेलं पाणी मी ओट्यावर ओतलं.

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. खिडकीखाली आठ पोरं ओरडत होती तेव्हाही माहीत होतं. एक शब्द बोलला असता तर गल्लीनं माझ्या दारावर शेण फेकलं असतं. बोलला नाही. उलट पोरांचे उच्चार सुधारले.

पंचा देऊ का विचारलं. नको म्हणाला. ओल्या हातांनीच गेला.

पौष शुद्ध ३, सोमवार

काल ओटा सारवला नाही. आज वाळून खडखडीत आहे.

चंद्री शेतातून येताना हरभऱ्याच्या डहाळ्यांचा भारा घेऊन आली. तिला काही सांगितलेलं नाही. तिची पाटी मात्र परत दिली. म्हटलं, तुझा तो सवाल बरोबर होता. ती म्हणाली, कोणता? विसरली होती. परत लिहायला लावला. जवाब मी सांगेन म्हटलं, थोडी मोठी हो.

डॉक्टरला मी माफ केलं असं कुणी समजू नये. विडा त्यानं खाल्लाच होता. पण नळावर आज बायकांना सांगितलं की वहिदाची पोर त्यानं फिरवली, आणि हॅड डॉक्टर म्हणणाऱ्याच्या घागरीत मी राख टाकीन. एक म्हणाली, तूच तर म्हणायचीस. म्हटलं, हो, म्हणूनच मला म्हणायचा अधिकार हाय.

पहाटे मास्तर पोरांना घेऊन पाराकडं निघाला होता. डोळे सुजलेले, पण हसत होता, दाढी हलत होती. मी हाक मारली. म्हटलं, आपल्या ओट्यावर बसवा, वाळलाय.

पोरं येऊन बसली. मास्तर म्हणाला, "दादीमाँ, आज नया सबक. मुस्तकबिल. आने वाला जमाना."

"तो उद्या," मी म्हटलं. "आज तेच वाक्य. तोंडं माझ्या दाराकडं करा."

"वो तो पक्का हो गया सबका."

"माझं कच्चं हाय."

मी उंबऱ्यात बसले. आठ पोरांनी माझ्याकडं बघत सुरू केलं. द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम. चंद्री सगळ्यात मोठ्यानं म्हणत होती, तिचे उच्चार चांगले झालेत. पन्नास झाल्यावर मास्तरनं हात वर केला.

मी म्हटलं, आणखी.